माल कसा धरतो



चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही एवढेच सांगितले, की 'धरणे' या विषयावर बोलू. मुळशी तालुक्यात हा शब्द उच्चारला की लोकांच्या मनात दोन अर्थ उभे राहतात. एक म्हणजे नदीवर बांधतात ती धरणे. ज्या एका धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ते आपल्या उशालाच आहे. दुसरा अर्थ, बोलणारा आमच्यासारखा युनियनवाला असला, तर कचेरीच्या दारात बसून धरायचे धरणे. चालक थोडे काळजीत पडलेले दिसले. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की आजचा विषय या दोहोंपैकी कोणताच नाही. गवंडी म्हणतो 'माल धरला', त्या धरण्यावर आज आम्ही बोलणार आहोत. छताला, भिंतीला, कोपऱ्यातल्या नक्षीला जे पांढरे प्लॅस्टर ऑफ पॅरिस लावतात, ज्याला आता सगळेच पीओपी म्हणतात, ते घट्ट कसे होते, हा प्रश्न आहे.

बोलण्याआधी एक काम करतो. या टेबलावर एक वाडगा आहे. त्यात मोजून पाणी घेतले आहे. ही पांढरी भुकटी पाण्यात हळूहळू सोडतो. पाण्यात भुकटी सोडायची, भुकटीवर पाणी ओतायचे नाही. ओतले तर गुठळ्या होतात. आता ढवळतो. ताकाहून दाट आणि दह्याहून पातळ असे झाले. हा वाडगा इथेच राहू द्या. घड्याळ कुणीतरी पाहून ठेवा.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्री, वाचनालयात आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांवर झाले. रसायनशास्त्राशी आमचा संबंध पन्नाशीपर्यंत आला नव्हता. तो आला एका मजुरीच्या भांडणातून, आणि ते भांडण आधी सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण चालू होता. याच तालुक्यातल्या एका मोठ्या बांधकामावर पीओपीचे चार कारागीर काम करीत होते. चौघेही बिकानेरकडचे. त्यांनी छत केले, आणि आठ दिवसांत ते छत जागोजाग भुरभुरू लागले. बोट लावले की पीठ हाताला येई. एका खोलीत नक्षीचा पट्टाच खाली आला; सुदैवाने खाली कुणी नव्हते. ठेकेदाराने चौघांची एकोणीस दिवसांची मजुरी अडकवली आणि शिवाय नुकसानीचा खर्च त्यांच्या अंगावर टाकला. कारागीर आमच्याकडे आले. आम्ही आमच्या सवयीप्रमाणे गेटवर सभा घेतली, घोषणा दिल्या, निवेदन दिले. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी तिथल्या इंजिनिअरने आम्हाला आत बोलावले. माणूस सज्जन होता. तो म्हणाला, "तुमच्या घोषणा ऐकल्या. आता मला एवढेच सांगा, माल का धरला नाही? माझ्या मते यांनी पाणी जास्त घातले. तुमचे मत काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. बरोबर आलेला मिस्त्री मात्र म्हणाला, "साहेब, माल मेलेला होता. कालवताना हाताला गरम लागत नव्हता." इंजिनिअर हसला. आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्या वाक्याकडे लक्ष दिले नाही. मजूर अडचणीत आला की असे काही बोलतोच, असे आम्हालाही वाटून गेले. त्या वाक्यात सगळा निकाल होता, हे कळायला आम्हाला आणखी काही दिवस लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण शंभरांपैकी नव्वद माणसे असे समजतो, की पीओपी वाळून घट्ट होते. आम्हीही तसेच समजत होतो. ते चूक आहे. वाळणे वेगळे आणि धरणे वेगळे.

शाडूच्या मातीचा गणपती घ्या. माती ओली असते, पाणी उडून जाते, मूर्ती कडक होते. हे वाळणे. पुन्हा पाण्यात ठेवा, मूर्तीची पुन्हा माती होते. चुना घ्या. जुन्या वाड्यांच्या भिंतीतला, घाणीत मळलेला चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होत जाते. त्याला वर्षे लागतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावते, त्याला पहिल्या पकडीला काही तास आणि पुऱ्या ताकदीला आठवडे लागतात. म्हणून तर आपण नव्या स्लॅबवर पाण्याची आळी करतो. पीओपीही पाण्याशीच संयोग पावते, पण ते काम ते अर्ध्या तासात उरकते. म्हणजे पाणी गेल्याने ते घट्ट होत नाही; पाणी घेतल्याने होते.

हे कसे, ते पाहू. पीओपी ज्यापासून होते तो दगड म्हणजे जिप्सम. मराठीत त्याला चिरोडी असे नाव आहे. आपल्या देशात त्याचा फार मोठा साठा राजस्थानात आहे. पॅरिस शहरातल्या मोंमार्त्र टेकडीखाली त्याच्या खाणी होत्या, म्हणून भुकटीला पॅरिसचे नाव चिकटले. वस्तू मात्र पॅरिसहून फार जुनी आहे. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडांमध्ये जो माल सापडतो तो जिप्सम भाजूनच केलेला आहे.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूच्या सोबतीला पाण्याचे दोन रेणू. हे पाणी ओलाव्यासारखे नव्हे. दगड हाताला कोरडा ठक्क लागतो. ते पाणी स्फटिकाच्या बांधणीतच बसलेले असते, म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. वजनाने पाहिले तर 100 किलो जिप्सममध्ये जवळजवळ 21 किलो पाणी असते. आता हा दगड दळून सुमारे 150 अंशांपर्यंत भाजला, की त्या पाण्यापैकी पाऊण हिस्सा वाफ होऊन जातो आणि पाव हिस्सा राहतो. उरलेली पांढरी भुकटी म्हणजे पीओपी. भाजणे नेमके हवे. फारच तापवून सगळेच पाणी घालवले, तर दगडाची पाणी घेण्याची ओढ मरते आणि तो मग धरत नाही.

भट्टीने जे पाणी काढून नेले ते आपण घमेल्यात परत देतो. भुकटी ते घेते आणि पुन्हा जिप्सम होते. दगडाची भुकटी झाली होती, भुकटीचा पुन्हा दगड झाला. हे प्रथम नीट दाखवून दिले लाव्हाझिए या फ्रेंच माणसाने. 1765 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जो पहिला निबंध वाचला तो जिप्समवर होता. पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस सुरुवातीला गवंड्याच्या घमेल्यापाशी उभा होता, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

पण पाणी परत मिळाले एवढ्याने दगड का व्हावा? ओला चिखल का होऊ नये? याचे उत्तर गेल्या शतकाच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ल शातेलिए या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिले. ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. पीओपीची भुकटी पाण्यात थोडी विरघळते. एका लिटरात साधारण आठ ग्रॅम. जिप्सम त्याहून फार कमी विरघळते. एका लिटरात दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे भुकटी जितकी विरघळली तितके जिप्सम पाण्यात राहूच शकत नाही. ते बाहेर पडू लागते. बाहेर पडते ते पिठासारखे नव्हे, तर सुईसारख्या बारीक लांबट स्फटिकांच्या रूपाने. पाण्यात जागा झाली की आणखी भुकटी विरघळते, आणखी सुया निघतात. हजारो, लाखो सुया एकमेकींत घुसतात, अडकतात. बाभळीच्या फांद्या एकावर एक टाकून कुंपण करतात, ते जसे ओढून सुटत नाही तसे हे जाळे होते. त्या जाळ्याचे नाव घट्टपणा. आत अजून पुष्कळ पाणी मोकळे असते, पण जाळे उभे राहिलेले असते. म्हणून पीओपी ओले असतानाच कडक असते.

या क्रियेत उष्णता बाहेर पडते. भट्टीत पाणी काढायला जी उष्णता खर्च झाली, तिच्यातलीच थोडी परत मिळते असे समजा. आता कुणीतरी पुढे येऊन या वाडग्याला हात लावून पाहा. बसा, बाई, सांगा लोकांना. कोमट लागतो, म्हणतात. वाडगा लहान आहे म्हणून कोमट. माल मोठा असला तर साठ अंशांपर्यंत तापतो, आणि पोरांनी खेळ म्हणून त्यात हात रोवून ठेवला तर हात भाजतो. घरात मूर्ती किंवा साचे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इथे आम्हाला मिस्त्रीचे वाक्य आठवले. हाताला गरम लागत नव्हता, असे तो म्हणाला होता. गरम लागत नव्हता याचा अर्थ संयोग होत नव्हता. आणि संयोग होत नव्हता याचा अर्थ भुकटीने पाणी आधीच कुठेतरी घेतले होते.

कुठे घेतले, हे पाहायला आम्ही मिस्त्रीला घेऊन गोदामात गेलो. ताम्हिणीच्या अंगाला अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्या अंगाची हवा श्रावणात कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मिठाच्या बरणीतले मीठ चमच्याला येत नाही. अशा हवेत गोण्या उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून, थेट जमिनीवर रचलेल्या होत्या. खालच्या थरातल्या गोण्या चारी कडांनी दगडासारख्या झाल्या होत्या. भुकटीने घमेल्याची वाट पाहिली नव्हती. तिने गोणीतच हवेतला ओलावा घेऊन आपले काम उरकून टाकले होते. एकदा जिप्सम झालेली भुकटी पुन्हा धरत नाही. तिला धरायला लावायचे तर पुन्हा भट्टीत घालावे लागेल.

यात आणखी एक गंमत आहे, जी आम्हाला एका कॉलेजातल्या शिक्षकांनी समजावली. भुकटीला ओलावा अगदी थोडा लागला, तर माल उशिरा नव्हे, लवकर धरतो. कारण जिप्समचे थोडे कण आधीच तयार असतात, आणि विरजणाने दूध लागावे तशा त्यांच्याभोवती नव्या सुया झपाट्याने वाढतात. न धुतलेल्या घमेल्यात कालचा माल चिकटलेला असला की आजचा माल हातातच बसतो, त्याचे कारणही हेच. पण ओलावा वाढत गेला, की कणांवर जिप्समचा थर चढतो, आतली भुकटी पाण्याला भेटत नाही, आणि माल धरायला उशीर लावतो व कच्चा राहतो. त्या बांधकामावर एका खोलीत माल पाच मिनिटांत बसला होता आणि शेजारच्या खोलीत तासभर दह्यासारखा होता. कारागिरांनी ते सांगितले होते. इंजिनिअरला ते थाप वाटले होते, कारण एकाच गोदामातला माल दोन तऱ्हांनी कसा वागेल? तो वागतो. गोणी थराच्या वर होती की खाली, यावर ते अवलंबून असते.

मग आम्ही सभा घेतली नाही. दोन घमेली मागितली. एकात दुकानातून त्याच दिवशी आणलेली नवी भुकटी, दुसऱ्यात गोदामातल्या खालच्या गोणीतली. वजन सारखे, पाणी सारखे, घड्याळ इंजिनिअरच्या हातातले. कालवले मिस्त्रीनेच. वीस मिनिटांनी नव्या मालात नख शिरेना. जुना माल पाऊण तासानेही बोटाने लिहिता येईल असा. आम्ही इंजिनिअरला म्हणालो, "दोन्हींना हात लावा." त्याने लावला. एक गरम होते, एक गार. तो काही वेळ बोलला नाही. मग मिस्त्रीला म्हणाला, "हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितले होतेस."

एकोणीस दिवसांची मजुरी मिळाली. नुकसान कापले गेले नाही. पण चौघांपैकी एकजण वाट पाहून कंटाळून आधीच गावी निघून गेला होता. त्याच्या पैशांना त्याच्या हाती पडायला दोन महिने लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही मिस्त्रीला शांत बसवून एक तास ऐकले असते, तर तो माणूस रिकाम्या हाताने गाडीत बसला नसता. त्याचा दोष ठेकेदाराकडे जात नाही, आमच्याकडे येतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर युनियनवाला एकाच डोळ्याने पाहतो असे म्हणाल. इंजिनिअरची शंका अगदीच पोकळ नव्हती. 25 किलोच्या गोणीला संयोगासाठी लागणारे पाणी पावणेपाच लिटरांच्या आतच असते. पण तेवढ्याच पाण्यात कालवले तर माल हलणारही नाही. म्हणून कारागीर पंधरा लिटर आणि कधी त्याहूनही अधिक घालतो. वरचे दहा लिटर कामाच्या सोयीचे. ते पुढे हवेत उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जाते. जितके पाणी जास्त तितक्या पोकळ्या जास्त, आणि तितका माल ठिसूळ. फुटावर मजुरी ठरली असली, की कारागिराला पातळ माल आवडतो, कारण तो झटपट पसरतो. आणि धरायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ढवळण्याचा मोह होतो. तसे केले की गुंतलेल्या सुया मोडतात, आणि मोडलेल्या सुया पुन्हा जुळत नाहीत. वेळ हवा असेल तर थोडा सरस किंवा सायट्रिक आम्ल पाण्यात आधीच घालावे, त्याने स्फटिक सावकाश वाढतात. हे आम्ही आमच्या सभासदांना सांगतो. ते आम्हाला सांगतात, की मग मजुरी फुटावर ठरवू नका. दोन्ही खरे आहे.

घरमालकांनाही एक विनंती. माल अर्ध्या तासात धरला तरी ते सोयीचे पाणी बाहेर पडायला दिवस लागतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच. धरणे झाले, वाळणे व्हायचे आहे. सणाच्या आत रंग हवा म्हणून ओल्या छतावर रंग लावायला भाग पाडले, की रंग पापुद्र्याने सुटतो आणि शिव्या रंगाऱ्याला बसतात.

संयोग झालेले पाणी मात्र आत कायम राहते, आणि ते उपयोगी पडते. घराला आग लागली तर छतातले जिप्सम तापते आणि आपले स्फटिकजल सोडू लागते. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत मागची बाजू फारशी तापत नाही. पळायला मिळणारा वेळ त्या पाण्याचा असतो. आणि परांचीवरून पडून ज्याचे हाड मोडते, त्याच्या पायालाही तीच भुकटी लागते. माताइसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टराने 1852 च्या सुमारास पट्टीला ही भुकटी चोळून ती ओली करून गुंडाळण्याची रीत काढली. माल लवकर धरतो, आणि धरताना किंचित फुगून साच्याचा, म्हणजे इथे पायाचा, आकार नेमका घेतो, हाच गुण तिथे कामाला आला.

साच्यात नेमके बसण्याच्या याच गुणामुळे गणपतीच्या मूर्ती पीओपीच्या होऊ लागल्या. बोटाचे नखसुद्धा उठून दिसते. पण मघाचा आकडा आठवा. एका लिटरात दोन-अडीच ग्रॅम. पाच किलोची मूर्ती विरघळायची तर दोन हजार लिटरांहून अधिक पाणी हवे, तेही सावकाश. बादलीत ती विरघळणार कशी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये मूर्तींना पीओपी वापरू नये असे ठरवले, आणि तेव्हापासून मूर्तिकारांच्या पोटाचा आणि नदीच्या पाण्याचा वाद चालू आहे. तो इथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. पण पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक उपाय दाखवला, तो सांगण्यासारखा आहे. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातले, की मूर्तीतल्या जिप्समचे रूपांतर होऊन तळाला कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे झाडांना खत म्हणून चालते. पुणे महापालिकेने ही भुकटी गणेशोत्सवात लोकांना वाटलेली आहे. धरलेला माल सोडवायचा तो असा. हातोड्याची गरज नाही.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पाहिले, ते आम्ही पाहिले. आता वाडगा. किती मिनिटे झाली? सत्तावीस. हा उलटा करतो. पाहा, थेंबही सांडत नाही. बुडाला ठोकतो. ही वडी निघाली. पुढच्या रांगेतल्या मुलांनी ती हातोहात मागेपर्यंत न्यावी. अजून ओली आहे, कोमट आहे आणि कडक आहे. मघाशी सांगितलेले सगळे तिच्यात आहे.

ज्यांची घरे चालू आहेत त्यांनी उद्या सकाळी एवढेच पाहावे, की गोण्या फळीवर आहेत की फरशीवर. आणि मिस्त्री काही म्हणाला, तर एकदा घमेल्याला हात लावून पाहावा.